नाकाला चकवणारी केमिस्ट्री

सिग्नलवरचा काळा धूर दिसतो, म्हणून आपण नाक झाकतो. पण जो वायू दिसत नाही आणि ज्याला वासही नाही, त्याचं काय? दहावीच्या पुस्तकातले तेच जुने वायू आज आपल्या बाइकपासून बाथरूमपर्यंत काय करतायत, त्याचा हा पंचनामा.

‘केमिस्ट्री’ हा शब्द हल्ली आपण दोनच ठिकाणी वापरतो. हिरो-हिरॉइनची पडद्यावर जुळली का, हे ठरवताना. आणि नव्या टीम लीडशी आपली का जुळत नाहीये, हे कॅन्टीनमध्ये सांगताना. खरी केमिस्ट्री आपण बोर्डाच्या पेपरानंतर सप्लिमेंटच्या दोऱ्यासकट बांधून टाकली. तिने मात्र आपल्याला सोडलेलं नाही. सकाळी पावणेनऊला नळस्टॉपच्या सिग्नलला उभे असता ना, तेव्हा ती तुमच्या पुढच्या गाडीच्या सायलेन्सरमधून बाहेर पडून थेट तुमच्याच दिशेने येत असते.

सीन रोजचाच. लाल दिवा. पुढे एक टेम्पो. हिरवा पडतो, टेम्पोवाला पहिला गिअर टाकतो आणि मागे काळा ढग. तत्क्षणी पंचवीस स्कार्फ नाकावर घट्ट होतात. (पुण्याच्या मुलींच्या स्कार्फवर आजवर जेवढे जोक झाले, तेवढे बहुधा पुणेरी पाट्यांवरच झाले असतील.) टेम्पो पुढे जातो, ढग विरतो, स्कार्फ सैल. हुश्श, सुटलो!

सुटलो कुठे? तो ढग होता काजळीचा. त्यातले मोठे कण स्कार्फने थोडेफार अडवलेही असतील. पण त्याच सिग्नलवर उभ्या असलेल्या शंभरेक ‘स्वच्छ’ गाड्यांमधून जो वायू निघत होता, त्याच्यासाठी ओढणीची वीण म्हणजे मुंगीसाठी स्टेडियमचं उघडं गेट. काळं दिसलं किंवा घाण वास आला की हवा वाईट, आणि यातलं काहीच नसलं की फ्रेश, हा आपला साधा हिशोब. गडबड नेमकी तिथेच आहे.

लिटर एक, वजन सव्वादोन किलो

आधी एक कोडं. पेट्रोलचं वजन लिटरला साधारण पाऊण किलो. हे एक लिटर पेट्रोल जाळलं, तर त्यातून कार्बन डायऑक्साइड किती निघेल? पाऊण किलोपेक्षा कमी, असं वाटतं की नाही? उत्तर आहे जवळजवळ २.३ किलो.

यात जादू काही नाही. पेट्रोल म्हणजे कार्बन आणि हायड्रोजनच्या साखळ्या. ऑक्टेन आठवतंय? आठ कार्बन, अठरा हायड्रोजन. त्याचे दोन रेणू पूर्ण जळायला ऑक्सिजनचे पंचवीस रेणू लागतात. त्यातून सोळा रेणू कार्बन डायऑक्साइडचे आणि अठरा पाण्याचे तयार होतात. म्हणजे बाहेर पडणाऱ्या मालाचं बरंचसं वजन टाकीतून नाही, हवेतून येतं. थंडीत सकाळी सायलेन्सरमधून पाण्याचे थेंब गळतात ना, तेही याच समीकरणाच्या उजव्या बाजूचे.

पण हे झालं पुस्तकातलं ज्वलन. इंजिनात प्रत्येक थेंबाला पुरेसा ऑक्सिजन मिळतोच असं नाही. कमी पडला, की कार्बनला दोनऐवजी एकाच ऑक्सिजनवर भागवावं लागतं आणि तयार होतो कार्बन मोनॉक्साइड. काही पेट्रोल न जळताच बाहेर पडतं. शिवाय इंजिनात जाणाऱ्या हवेत ७८ टक्के नायट्रोजन असतो. एरवी हा अतिशय सभ्य वायू, कोणाच्या अध्यात ना मध्यात. पण सिलेंडरमधल्या तापमानाला तोही बिघडतो, ऑक्सिजनशी जुळवून घेतो आणि नायट्रोजनची ऑक्साइडं तयार होतात. ही त्या सिग्नलवरची खरी केमिस्ट्री.

पावतीवर काय नाही?

आता पाकिटातली किंवा मोबाइलमधली पीयूसीची पावती काढा. दंडाच्या धाकाने ती असतेच. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कायद्यात हा दंड दहा हजारांपर्यंत जाऊ शकतो. पेट्रोल गाडी असेल तर त्या पावतीवर मुख्य आकडे दोनच दिसतील. कार्बन मोनॉक्साइड, टक्क्यांत. आणि हायड्रोकार्बन म्हणजे न जळलेलं इंधन, पीपीएममध्ये. मार्च २००० नंतरच्या जुन्या फोर-स्ट्रोक बाइकसाठी ही मर्यादा ३.५ टक्के आणि ४५०० पीपीएम अशी होती. डिझेल गाडी असेल तर धूर किती दाट आहे, एवढंच तपासतात.

नायट्रोजन ऑक्साइड? पावतीवर नाही. पेट्रोल गाडीतून निघणारे बारीक कण? तेही नाहीत. आणि ही सगळी तपासणी गाडी जागेवर उभी असताना होते. नायट्रोजन ऑक्साइड जास्त बनतं ते इंजिनावर ताण असताना, म्हणजे तुम्ही डबलसीट चांदणी चौकाचा चढ चढत असता तेव्हा. पीयूसी निरुपयोगी आहे असं मी म्हणत नाहीये. बिघडलेला कार्ब्युरेटर ती नक्की पकडते. पण ‘पोल्युशन अंडर कंट्रोल’ हे नाव त्या पावतीला जरा भारीच पडतं.

खरं काम झालं ते कारखान्यात आणि रिफायनरीत. १ फेब्रुवारी २००० पासून देशभरात शिसं घातलेलं पेट्रोल बंद झालं. शिशाने मेंदूवर होणारा परिणाम हे एक कारण होतंच. पण शिसं कॅटॅलिटिक कन्व्हर्टरलाही मारतं. हा कन्व्हर्टर म्हणजे सायलेन्सरच्या वाटेवर बसवलेली एक जाळीदार वीट. तिच्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम अशा, सराफाकडेही सहज न मिळणाऱ्या धातूंचा पातळ थर असतो. त्यावरून जाताना कार्बन मोनॉक्साइड आणि नायट्रोजन ऑक्साइड एकमेकांनाच निस्तरतात, आणि बाहेर पडतो कार्बन डायऑक्साइड आणि साधा नायट्रोजन. १ एप्रिल २०२० ला बीएस-सिक्स आलं, तेव्हा इंधनातल्या गंधकाची मर्यादाही ५० पीपीएमवरून १० वर आली, कारण गंधकसुद्धा त्या विटेचा घास घेतं. एक मेख मात्र आहे. ही वीट अडीचशे-तीनशे अंशांपर्यंत तापल्याशिवाय नीट कामाला लागत नाही. सोसायटीच्या गेटपासून कोपऱ्यावरच्या दुधाच्या डेअरीपर्यंत गाडी काढणाऱ्यांची वीट घरी परतेपर्यंत जेमतेम कोमट झालेली असते.

अननसवाला प्रोफेसर

हे सगळं पहिल्यांदा कळलं कुणाला? ज्याला कळलं, तो संशोधन करत होता अननसाच्या वासावर. अगदी खरं.

लॉस एंजेलिस, जुलै १९४३. दुसरं महायुद्ध चालू होतं आणि शहरावर अचानक असं काही धुरकट पसरलं की लोकांचे डोळे चुरचुरायला लागले, घसे खवखवायला लागले. जपानने विषारी वायू सोडला की काय, अशी हूल उठली. मग संशय गेला कृत्रिम रबराच्या कारखान्यावर. तो बंद ठेवला तरी धुरकं हटेना. मग कचरा जाळणाऱ्यांवर आणि रिफायनऱ्यांच्या धुरावर बोट गेलं. जे काळं दिसतं, तेच गुन्हेगार! (ओळखीचं वाटतंय?)

तिथल्या कॅलटेकमध्ये आरी यान हागेन-स्मिट नावाचा डच प्रोफेसर होता. बायो-ऑरगॅनिक केमिस्ट्रीचा माणूस. फळांचा वास म्हणजे बहुतांशी एस्टर. अल्कोहोल आणि आम्ल यांची गाठ पडून तयार होणारी संयुगं. दहावीच्या प्रॅक्टिकलला इथेनॉल, अॅसेटिक अॅसिड आणि दोन थेंब सल्फ्युरिक टाकून गरम केल्यावर परीक्षानळीतून गोडसर वास यायचा, तेच. नेलपॉलिशचा वासही त्याच घराण्यातला. तर हा प्रोफेसर अननसावरची हवा अतिथंड सापळ्यातून ओढून त्यातले वासाचे रेणू गोळा करायचा. पिकांचं नुकसान व्हायला लागलं तेव्हा त्याला विचारणा झाली. त्याने सरळ अननस बाजूला ठेवला, खिडकीबाहेरची हवा त्याच सापळ्यातून ओढली, आणि हातात आले उग्र वासाच्या तपकिरी द्रवाचे काही थेंब.

१९५२ मध्ये त्याने मांडलेलं गणित असं. सायलेन्सरमधून येतं नायट्रोजन ऑक्साइड, आणि न जळलेल्या पेट्रोलची वाफ. ऊन पडलं की नायट्रोजन डायऑक्साइडमधून ऑक्सिजनचा एक सुटा अणू बाहेर पडतो. तो हवेतल्या ऑक्सिजनच्या रेणूला चिकटतो आणि तयार होतो ओझोन. पेट्रोलच्या वाफा ही साखळी थांबू देत नाहीत. म्हणजे डोळे चुरचुरायला लावणारा माल कुठल्याच चिमणीतून किंवा सायलेन्सरमधून थेट निघत नव्हता. तो शहराच्या डोक्यावर, उन्हात शिजत होता. ओझोन मोजायची त्याची एक पद्धत तर भन्नाट होती. वाकवलेली रबराची पट्टी हवेत ठेवायची आणि तिला तडे जायला किती वेळ लागतो ते बघायचं.

तेल कंपन्यांच्या पैशाने चाललेल्या एका संशोधनाने त्याला खोटं ठरवायचा प्रयत्न केला. प्रोफेसर भडकला आणि अननस कायमचा सोडून याच्या मागे लागला. १९६८ मध्ये कॅलिफोर्नियाच्या हवा नियंत्रण मंडळाचा तो पहिला अध्यक्ष झाला. अमेरिकेत १९७५ च्या मॉडेल्सपासून आणि आपल्याकडे १९९५ मध्ये चार महानगरांतल्या नव्या पेट्रोल कारना कन्व्हर्टर लागला, त्याचं मूळ असं एका फळाच्या वासात आहे.

दुपारी तीनची हवा

वर असलेला ओझोन आपल्याला अतिनील किरणांपासून वाचवतो, म्हणून शाळेत त्याच्यावर निबंध लिहिला. तोच खाली नाकाशी आला की फुप्फुसांच्या आतल्या अस्तराला जाळतो. याला वास आहे, नाही असं नाही. वीज कडाडल्यावर किंवा जुन्या झेरॉक्स मशीनपाशी येतो तो. पण नाक काही मिनिटांत सरावतं आणि गप्प बसतं.

आणि याची वागणूकही उलटी. सकाळच्या ट्रॅफिकमध्ये ओझोन कमी, कारण ताजा नायट्रिक ऑक्साइड त्याला खाऊन टाकतो. दुपारी ऊन चढलं की वाढतो, आणि कित्येकदा रस्त्याला खेटून असलेल्या चौकापेक्षा वाऱ्याच्या दिशेला असलेल्या निवांत, झाडांच्या भागात जास्त भरतो. शहराबाहेर ‘मोकळ्या हवेत’ उन्हाळ्यात दुपारी रनिंग करणाऱ्यांनी हे जरूर ऐकावं. आपल्याकडे ओझोनची आठ तासांची मर्यादा घनमीटरला १०० मायक्रोग्रॅम आहे. मोबाइलवरच्या एक्यूआयमध्ये तो येतो, पण एक गोष्ट लक्षात घ्या. २०१५ मध्ये सुरू झालेला हा निर्देशांक आठ प्रदूषकांवर आधारलेला आहे, मात्र ती त्यांची सरासरी नाही. ज्याची अवस्था सगळ्यात वाईट, त्याचा आकडा तोच निकाल. म्हणजे मार्कशीटवर फक्त सगळ्यात कमी मार्कांचा विषय छापावा तसं. त्यामुळे नुसता रंग बघून अॅप बंद करू नका. खाली आज कोण ‘नापास’ आहे तेही बघा. हिवाळ्यात बहुतेक वेळा बारीक कण असतात, मार्च-एप्रिलच्या दुपारी ओझोनचं नाव दिसू शकतं.

त्या वाफा फक्त पेट्रोलच्याच, असंही आता राहिलेलं नाही. गाड्या स्वच्छ झाल्या तशी दुसरी बाजू उघडी पडली. ‘सायन्स’ या नियतकालिकात २०१८ मध्ये आलेल्या अभ्यासानुसार औद्योगिक देशांतल्या शहरांमध्ये खनिज तेलापासून येणाऱ्या अशा सेंद्रिय वाफांपैकी जवळपास निम्म्या रंग, डिंक, क्लीनर, परफ्यूम अशा वस्तूंमधून येतात. थोडक्यात, लिफ्टमध्ये सगळ्यांना घेरी आणणारा तुमचा तो डिओसुद्धा.

छान वास म्हणजे छान हवा, हा आणखी एक चकवा. पहाटे बेकरीच्या भट्टीतून येणारा पावाचा वास कुणाला आवडत नाही? पण भट्टी लाकडावर असेल तर त्या वासाबरोबर बारीक कणही येतात. मुंबईच्या हवेची हायकोर्टाने २०२३ च्या ऑक्टोबरअखेर स्वतःहून दखल घेतली, आणि त्याच प्रकरणात २०२५ च्या जानेवारीत लाकूड-कोळशावरच्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत गॅस किंवा तत्सम इंधनावर यायला सांगितलं.

दार बंद, कडी आत

आता रस्ता सोडून घरात येऊ. हा भाग मात्र मोबाइल बाजूला ठेवून वाचा, विशेषतः भाड्याच्या फ्लॅटमध्ये तिघी-चौघी मिळून राहत असाल तर.

स्वयंपाकाच्या गॅसला वास असतो, हे आपण गृहीत धरतो. खरं म्हणजे प्रोपेन आणि ब्युटेनला सांगण्यासारखा वास नाही. तो मुद्दाम घातलेला आहे. १८ मार्च १९३७ ला अमेरिकेत टेक्सासमधल्या न्यू लंडन गावच्या शाळेत तळघरात साठलेल्या वायूचा स्फोट झाला आणि तीनशेच्या आसपास माणसं गेली, त्यात बहुतेक मुलं. वायू गळत होता, पण कुणाला कळलाच नाही. त्यानंतर गॅसमध्ये मर्कॅप्टन मिसळायची सक्ती झाली. गंधकाचं हे सेंद्रिय संयुग इतकं घाण वासाचं, की अब्जात काही भाग असलं तरी नाक ओरडतं. नाकाला कळत नव्हतं, म्हणून माणसाने त्याला वास देऊन टाकला.

पण तो वास असतो न जळलेल्या गॅसला. जळताना मर्कॅप्टनही जळून जातं. आणि ज्वलन अर्धवट झालं तर तयार होणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला ना रंग, ना वास, ना चव. त्यात कुणी काही मिसळू शकत नाही.

आता गॅस गीझरचं गणित करू. मिनिटाला सहा लिटर गरम पाणी देणारा साधा गीझर तासाला एक किलोच्या आसपास एलपीजी जाळतो. एवढा गॅस पूर्ण जळायला साधारण तेरा घनमीटर हवा लागते. आपलं चार बाय सहाचं बाथरूम, आठ फूट उंच, म्हणजे जेमतेम साडेपाच घनमीटर. खिडकी बंद, कारण थंडी. एक्झॉस्टच्या भोकाला पुठ्ठा, कारण कबुतरं. पंधरा मिनिटं गीझर चालला तर खोलीतल्या निम्म्याहून जास्त हवेचं काम तो एकटाच करून टाकतो. वास्तविक तिथवर जायचीही गरज नसते. ऑक्सिजन २१ टक्क्यांवरून थोडासा खाली घसरला, तरी ज्योत बिघडते आणि मोनॉक्साइड झपाट्याने वाढतो. निळी ज्योत पिवळी दिसायला लागणं ही त्याची एक खूण. पण शांपूचा फेस डोळ्यांवर असताना ज्योतीकडे बघतंय कोण? आणि आधीच्या दोघींच्या अंघोळी लागोपाठ झाल्या असतील, तर तिसरी आत जाते ती आधीच बिघडलेल्या हवेत.

रक्तातलं हिमोग्लोबिन ऑक्सिजनला जेवढं धरतं, त्याच्या दोनशे पटींहून जास्त घट्ट ते कार्बन मोनॉक्साइडला धरतं. डोकं जड होतं, मळमळतं, पाय लटपटतात. आपण म्हणतो, रात्री जेवले नाही म्हणून असेल, अॅसिडिटी असेल. पुढची पायरी म्हणजे शुद्ध हरपणं, आणि दाराला आतून कडी. काहींना बाथरूममध्येच झटके येतात. भारतातल्या न्यूरॉलॉजिस्टनी याला ‘गॅस गीझर सिंड्रोम’ असं नावच दिलंय, कारण असे पेशंट फिट्स समजून आणले जातात आणि कधीकधी नुसती फिट्सची औषधं घेऊन घरी जातात. कोविडमध्ये घेतलेला ऑक्सिमीटर बोटाला लावाल, तर तोही फसतो. मोनॉक्साइड धरलेलं रक्त त्याला ऑक्सिजनवालंच वाटतं, आणि स्क्रीनवर झोकात ९८ येतात.

कुणी अशी पडलेली दिसली तर आधी दार-खिडक्या उघडा, गॅस बंद करा, तिला मोकळ्या हवेत आणा आणि थेट हॉस्पिटल गाठा. साध्या हवेत हा वायू रक्तातून निम्मा व्हायला चार-पाच तास लागतात, शुद्ध ऑक्सिजनवर तासा-दीड तासात होतो. म्हणून घरीच लिंबूपाणी देत बसायचं नाही. आणि डॉक्टरांना पहिल्या वाक्यात सांगायचं, “बाथरूममध्ये गॅसचा गीझर आहे.”

घरमालकाला फोन करायचा तो याच आठवड्यात. गीझर बाहेर, बाल्कनीत किंवा ड्राय बाल्कनीत हलवायचा आणि आत फक्त गरम पाण्याचा पाइप आणायचा, हे प्लंबरसाठी मोठं काम नाही. डिपॉझिट, पेंटिंग आणि पाहुण्यांच्या चपला यावर मालकाशी एवढा वाद घालता, तर हाही घाला. तोवर बादली भरून घ्या, गीझर बंद करा, दार पाच मिनिटं सताड उघडं ठेवा आणि मगच आत जा. आणि हो, एक्झॉस्टवरचा तो पुठ्ठा आजच काढा. कबुतरांसाठी जाळी मिळते.